तांडेल आणि पंख्याचा वारा

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ज्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं, ती खरं तर दुसऱ्याची होती. त्याला आम्ही तांडेल म्हणायचो. तो डोळे मिटून वल्हवायचा. अंधेरीतल्या आमच्या कारखान्यात, स्टोअरच्या मागच्या खोलीत, जिथे पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता.

वर्सोव्याचा कोळी तो. बापाच्या होडीवर खरोखरच तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. मग सगळ्यांच्या होड्यांना इंजिनं लागली, यांची होडी मागे पडली, विकली गेली, आणि हा आमच्याकडे टेंपररी म्हणून पॅकिंगला आला. मीही टेंपररीच. जोगेश्वरीहून यायचो. गिरणी बंद पडल्यापासून वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि आई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "काय म्हणाले रे साहेब?"

पवईच्या तळ्यावर कंपन्यांच्या होड्यांची शर्यत व्हायची. तिच्या सरावासाठी त्या खोलीत वल्हवण्याचं एक जुनं यंत्र होतं. सरकती बैठक, दोन दांडे, आणि दोन्ही बाजूंना तेल भरलेले पंप. बँकेचं दार आपोआप मिटवायला असतात ना, तसले. तांडेल त्याला म्हातारी म्हणायचा. सुरुवातीला ती ढिम्म हलायची नाही. तेल तापलं की पातळ व्हायचं आणि दांडे अलगद फिरायला लागायचे. "आता लाडात आली बघ," तांडेल म्हणायचा. पण तिच्यावर त्याचं मन कधी रमलं नाही. "ही खाडीतनं बाहेर सोडत नाय रं. चिखलातलं वल्हं."

मग एका साहेबांनी परदेशातून नवं यंत्र आणलं. एकच दांडा, त्याला साखळी, आणि पुढे जाळीत पात्यांचं चाक. दांडा ओढला की चाक फिरायचं आणि वारा सुटायचा. आम्ही त्याला पंखा म्हणू लागलो. म्हातारी तापली की सैल पडायची; याचं उलटं. जेवढ्या ताकदीने ओढाल तेवढा वारा अडवायचा. पहिल्याच दिवशी तांडेल बसला, डोळे मिटले, आणि त्याचे केस कपाळावरून मागे उडायला लागले. मग तो हळूच म्हणाला, "मढ मागं पडलं." वर्सोव्यासमोरचं, खाडीपलीकडचं मढ.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत तो रोज कुठेतरी जाऊन यायचा. कधी मार्वे, कधी मनोरी. कुणी चिडवायचं, "तांडेल, बोंबील आण रे येताना!" "ओला आला तर आणीन, सुका तुज्या बायकोकडं हाय," असं तो डोळे न उघडता सांगायचा. मला तो शेजारी बसवून शिकवायचा. "पाय आधी, हात मागनं. आणि घाई कसली? आपली पाठ असते जायच्या दिशेला. सुटलेला किनारा दिसत राहतो, तेवढा बघायचा." यंत्रावर बसण्याआधी तो त्याला तळहात लावायचा, होडीच्या कडेला लावावा तसा.

त्या वर्षी वेल्फेअरच्या साहेबांनी जाहीर केलं, स्पोर्ट्समधून एक जण परमनंट होणार. नाव तांडेलचंच येणार होतं. मीही अर्ज केला म्हणून परीक्षा ठरली. साहेबांना वल्हवण्यातलं काही कळत नव्हतं. "दोघं एकदम बसा. घड्याळ लावतो. जो जास्त हात मारेल तो पास," ते म्हणाले. दोन्ही यंत्रं त्यांना सारखीच. कोण कुठल्या यंत्रावर बसणार हे मला ठाऊक होतं. तांडेल पंखा सोडणारच नव्हता.

त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही. सगळे कँटीनमध्ये असताना खोलीचं दार लोटून म्हातारीवर बसलो, आणि पंपांना हात लावता येईना एवढी तिला तापवली. मग घाम पुसून बाहेर येऊन उभा राहिलो.

सगळे जमले. तांडेल आला. पंख्याकडे जाताजाता, का कोण जाणे, त्याने म्हातारीच्या पंपाला तळहात लावला. हात झटकन मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तो पंख्यावर जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले.

माझे दांडे शिवणयंत्रासारखे चालले. आखूड, भराभर. तो मात्र लांब, संथ ओढत होता. प्रत्येक ओढीला पंखा घुमायचा, साहेबांच्या टेबलावरचे कागद उडाले. "अरे, वारा काय घालतोस? हात वाढव!" साहेब ओरडले. सगळे हसले. आखूड ओढून त्यालाही भराभर हात मारता आले असते. मी जिंकलो. टाळ्या वाजल्या.

"अर्धं वल्हं मला मारताच येत नाय रं," नंतर पाणी पिताना तो एवढंच म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आईला सांग जा आधी."

टेंपररींना मधेमधे काही दिवस कामावरून कमी करायचे, तशा पुढच्या ब्रेकनंतर त्याला परत बोलावलं नाही. तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. लग्नाची पत्रिका घेऊन मी एकदा वर्सोव्याला गेलो, तेव्हा तो जाळ्याचं भोक सांधत बसला होता. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्याने विचारलं, "पंखा हाय का अजून?" मी म्हटलं, आहे. "आणि म्हातारी?" तो हसला. मी पत्रिका त्याच्या हातात ठेवली आणि लग्नाची तारीख तेवढी सांगितली. निघताना त्याने वर्तमानपत्रात बांधून बोंबील दिले. "बघ, शेवटी आणले का नाय?"

तो गेल्याचं मला फार उशिरा कळलं. आता कधी दुपारी पंख्याखाली डोळा लागतो, वारा तोंडावर येतो, आणि मी पाठमोरा कुठेतरी जात असतो. किनाऱ्यावर तो उभा असतो, लहान लहान होत जाणारा.

तांडेल, पंप मी तापवले होते. हे एवढं तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलं, तेवढं मी तुझं देणं लागतो.