गुंडूआण्णा आणि गार इंजिन

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या रस्त्याला एका मोकळ्या माळावर दर रविवारी जुन्या मोटारसायकलींचा बाजार भरतो. सकाळी सातला गाड्या ओळीनं उभ्या राहतात, आठला चहावाला येतो आणि दहापर्यंत निम्मा बाजार खोटं बोलून दमलेला असतो. याच बाजारात गुंडू चौगुले नावाचा बासष्ट वर्षांचा माणूस पाठीमागं हात बांधून फिरायचा. त्याला सगळे गुंडूआण्णा म्हणत. दुकान नाही, खुर्ची नाही, पाटी नाही. नवखं गिऱ्हाईक दिसलं की चहावालाच सांगायचा, "पावणं, गाडी घ्यायच्या आधी आण्णाला दावा. शंभर रुपयं जात्याल, पर मागनं कपाळावर हात मारून घ्यायची पाळी न्हाय यायची."

आण्णा मूळचा मेकॅनिक नव्हे. पंचवीस वर्षं त्यानं वडगावच्या बाजारात बैलांची आणि म्हशींची दलाली केली. पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि गोठ्यासमोर मोटारसायकली उभ्या राहिल्या. आण्णाला वाटलं, आपली विद्या गेली पाण्यात. एकदा मेव्हण्याबरोबर सहज गाडी बघायला आला आणि त्याच्या लक्षात आलं, की विकणाऱ्याची तऱ्हा जुनीच आहे. म्हैस विकणारा दोन वेळची धार चुकवून कास फुगवतो, गाडी विकणारा टाकीला मेण चोळून तिची उमर लपवतो. मग काय, आकाराम मेकॅनिकच्या गॅरेजात दोन वर्षं उकिडवं बसून त्यानं इंजिनाचं पोट समजून घेतलं आणि बाजारात उतरला.

इथला सगळा माल स्वस्तातला. शंभर सीसी, फार तर सव्वाशे. असली गाडी कुणी हौसेनं घेत नाही. कुणाला डेअरीला दूध घालायचं असतं, कुणाला एमआयडीसीत पाळी गाठायची असते. म्हणून आण्णाचं शास्त्रही साधंच होतं. "रंग बघून सोयरीक करू नगा," तो म्हणायचा, "गाडी कुणी चालवलीया ते इचारा." शिक्षकाची गाडी सगळ्यात चांगली, कारण मास्तर चाळीसच्या वर जात नाही आणि ऑइल वेळेवर बदलतो. दूधवाल्याची गाडी पडत्या भावात मिळाली तरी नको, कॅनच्या ओझ्यानं तिची कंबर गेलेली असते. कॉलेजच्या पोराची गाडी फुकट दिली तरी घरी आणायचं पेट्रोल वाया. ॲव्हरेजचं तर तो नावच काढायचा नाही. "बाजारातनं भायर पडंपतूर समद्याच गाड्या सत्तर देत्यात. त्यापरास क्लचची वायर तुमच्या गावात मिळती का, त्ये सांगा."

आणि हे सगळं मागाहून. आधी इंजिनावर उजव्या हाताचा पंजा. झिजलेलं इंजिन सकाळी गार असताना दहा किका मारल्याशिवाय उठत नाही, म्हणून लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधीच ते चालू करून तापवून ठेवतो. इंजिन गरम लागलं की आण्णा पुढं बघायचाच नाही. गार असून पहिल्या-दुसऱ्या किकेला उठलं, तर मग इंजिनातल्या टॅपेटचा आवाज ऐकायचा, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचा, हँडल हलवून बघायचा आणि एकच शब्द बोलायचा. "घ्या," नाहीतर "चला." सात वर्षांत "घ्या" म्हटलेली एकही गाडी खोटी निघाली नव्हती. माणसाला याचा माज येणारच. आण्णालाही आला होता, ते झाकण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात एसटीतून निवृत्त झालेले जयसिंग कंडक्टर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी श्रुती, गगनबावड्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. लसींचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचं तिचं काम. जयसिंगना वाटत होतं पोरीनं स्कूटी घ्यावी.

"पप्पा, स्कूटीचं चाक एवढंसं," ती म्हणाली. "जुलैत तिकडं रस्ता राहत न्हाय. मला गिअरचीच पायजे."

आण्णाला पोरगी तिथंच आवडली.

तिनं हेरलेली काळी शंभर सीसी उदयसिंहाच्या ओळीत होती. उदयसिंह म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा विक्रेता. चाळीस गाड्या, मांडव, त्यात पंखा आणि स्पीकर. आण्णाच्या "चला"नं त्याच्या मांडवातून कितीतरी गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत गेली होती, त्यामुळं दोघांचं वाकडं होतं. तरी त्या दिवशी उदयसिंह हसून म्हणाला, "या आण्णा, लावा हात. मास्तराची गाडी हाय."

आण्णानं पंजा ठेवला. इंजिन गार. श्रुतीनं किक मारली, गाडी पहिल्या झटक्याला उठली. आवाज मऊ, धूर नाही, हँडल घट्ट. आण्णानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "घ्या."

नवव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. साळवणच्या पुढं चढावर गाडी खडखड करत बंद पडली होती. लसीकरणाचा दिवस. बायका पोरं काखेत घेऊन वाट बघत होत्या, म्हणून ही लसींचा डबा घेऊन उन्हात तीन किलोमीटर चालत गेली. ती ओरडली असती, चार शब्द बोलली असती, तर आण्णाला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आण्णा, तुमी घ्या म्हणालात म्हणून घेतली."

गाडी टेम्पोत घालून आकारामच्या गॅरेजात आणली. इंजिन खोललं तर आत ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये घालतात तसलं काकवीसारखं जाड ऑइल. खडखड दाबायला आणि धूर झाकायला घातलेलं. कनेक्टिंग रॉड बोटानं हलत होता, ब्लॉक-पिस्टन कधीचं गेलेलं. आण्णाला फक्त एक कोडं सुटत नव्हतं. असलं मेलेलं इंजिन गार असताना एका किकेत उठलं कसं? मग इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांमध्ये त्याला तागाचे धागे अडकलेले दिसले. पोत्याचे धागे.

तो तिथंच बसला. पहाटे इंजिन तापवायचं, मग बर्फाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं त्यावर टाकायचं, गिऱ्हाईक दिसलं की काढून पुसून घ्यायचं. वर गारवा, आत ऊब. ही युक्ती उदयसिंहानं खास आण्णाच्या हातासाठी काढली होती. आणि मे महिन्यातल्या सकाळी लोखंड भोवतीच्या हवेपेक्षा गार लागतंय, याचा त्या शहाण्या हाताला संशयसुद्धा आला नव्हता. शेजारच्या गाडीला हात लावून बघितला असता तरी लबाडी उघडी पडली असती. आण्णाला स्वतःची एवढी लाज बायकोच्या दागिन्यांवर पैसे काढले तेव्हाही वाटली नव्हती.

रविवारी तो उदयसिंहाच्या मांडवात गेला तेव्हा तिथं दहा-बारा माणसं होती. उदयसिंह मोठ्यानं म्हणाला, "आण्णा, माझ्या पावतीवर लिव्हलंय, माल बघून घ्या, मागनं तक्रार चालणार न्हाय. आन् ही तर तुमच्या हातानं पास झाल्याली गाडी. तक्रार करायची आसंल तर तुमच्या हाताकडं करा की!" माणसं पोट धरून हसली. दुपारपर्यंत बाजारभर झालं, म्हातारं संपलं.

आकारामनं चांगल्या मनानं वाट दाखवली. "पुन्यांदा जाड ऑइल घालू आन् निपाणीकडं खपवून टाकू. तिकडं कोण वळखतंय?"

"म्हंजे उद्या तिकडच्या पोरीनं डबा घिऊन चालायचं?" आण्णा म्हणाला. "नट गोळा कर."

वडगावच्या दलालांत जुना रिवाज होता. दलालाच्या शब्दावर घेतलेलं जनावर खोटं निघालं, तर दलालानं ते आपल्या दावणीला बांधायचं आणि गिऱ्हाइकाचे पैसे मोकळे करायचे. सगळेच पाळायचे असं नाही. आण्णाच्या बापानं एक बसका बैल असा चार वर्षं पोसला होता. आण्णानं दुसऱ्याच दिवशी घरची एकुलती एक म्हैस विकली आणि श्रुतीच्या दारात जाऊन पैसे ठेवले.

"तुमी का देताय?" ती म्हणाली. "उदयसिंहनं द्यायला पायजेत."

"त्येनं इकली," आण्णा म्हणाला. "पर 'घ्या' म्या म्हणलं."

घरी बायकोनं, चिमणाबाईनं, त्याला उंबऱ्यातच गाठलं. एका बाजूला रिकामी दावण, दुसऱ्या बाजूला पोट उघडं पडलेली काळी गाडी. "दुभतं जित्राब इकून बंद पडल्यालं लोखंड आणलासा? आता सांजच्याला ह्येची धार काढू व्हय?"

"म्हस परत घेता यील गं, शबूद न्हाय."

"आन् शबूद कालवून च्या हुतोय का बघा जरा!"

तीन दिवस त्याला कोरा चहा मिळाला. चौथ्या दिवशी तिनं शेजारणीकडून पेलाभर दूध आणलं आणि त्याच्यासमोर बसून स्वतःच्या चहात घातलं. आण्णा एका पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं अक्षरं काढत होता.

पुढच्या रविवारी बाजाराच्या तोंडाशी ती काळी गाडी उभी होती. इंजिन खोललेलं, गेलेला पिस्टन शेजारी फडक्यावर मांडलेला, एका बाटलीत ते जाड ऑइल आणि एका बादलीत बर्फाच्या पाण्यात भिजलेलं पोतं. वर पाटी: "या गाडीनं गुंडू चौगुलेला फसवलं. कसं फसवलं ते फुकट दाखवतो."

लोक आधी हसायला जमले. फजिती बघायला कोल्हापूरकर जेवण टाकून येतो. आण्णानं त्यांना पोटभर हसू दिलं. मग शेजारी लावलेली आपली स्वतःची चालू गाडी तापवली, तिच्यावर पोतं टाकलं, काढून पुसलं आणि समोरच्याला म्हणाला, "लाव हात. कसं हाय?"

"गार हाय की."

"म्या बी आसंच म्हणलो. आन् लई शाणा समजून घरला गेलो. आता त्या पलीकडच्या गाडीला हात लाव."

माणसानं लावला, ती न तापवलेली गाडी उलट कोमट लागली, आणि तो दोन्ही हातांकडं बघत राहिला. मग हसणं थांबलं आणि प्रश्न सुरू झाले. जाड ऑइल कसं ओळखायचं? ऑइल मोजायची गेज काढून त्यावरचं ऑइल दोन बोटांत चोळायचं. इंजिन खोललंय का? बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे बघायचे. मास्तराची गाडी म्हणतात, खरी कशी समजायची? कागदावरच्या नावाच्या माणसाला तिथूनच फोन लावायचा. पंचवीस आणि सात मिळून बत्तीस वर्षांची विद्या तो देवळातल्या प्रसादासारखी वाटत सुटला.

चहावाल्याला राहवेना. "आण्णा, समद्यास्नी शिकीवलं तर तुला शंभर रुपयं कोण देणार?"

"कोण न्हाय," आण्णा म्हणाला. "एकच हात हुता म्हणून त्येला फसवाया गावला. आता हजार हातास्नी पोती टाकू दे."

तिसऱ्या रविवारी श्रुती परत आली. आण्णानं उठायचा विचार केला, पण ती म्हणाली, "बसा आण्णा, मी बघते." ती ओळीनं गाड्या बघत गेली. एकीच्या इंजिनाला हात लावला, शेजारचीला लावला, मान हलवून पुढं गेली. दुसरीचं ऑइल बोटांत चोळून फडक्याला पुसलं आणि विकणाऱ्याला म्हणाली, "भाऊ, हे ट्रकला घाला." शेवटी कागलच्या एका बाईंची निळी गाडी तिनं घेतली, घासाघीस करून, त्या बाईंना स्वतः फोन लावून. आण्णाला कुणी काही विचारलं नाही. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं ऑइलच्या फडक्यानं पुसले, त्यामुळं तोंड काळं झालं.

त्या दिवशी उदयसिंहाच्या मांडवात माणसं येत होती, दोन-दोन गाड्यांवर हात ठेवत होती आणि निघून जात होती. आण्णानं एवढ्या दिवसांत त्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. गरजच नव्हती. अकराच्या सुमारास उदयसिंह स्वतः चालत बाजाराच्या तोंडाशी आला. आधी बदनामीची केस टाकीन म्हणाला. "नाव कुणाचं घेतलंय? पाटीवर माझंच हाय," आण्णानं दाखवलं. मग तो खाली बसला आणि आवाज उतरवून बोलू लागला.

"आण्णा, मिटवू. पोरीनं दिलं तेवढं देतो."

आण्णा पिस्टन पुसत राहिला.

"दुप्पट देतो. म्हस आणा, वर रेडकू आणा. गाडी माझ्या टेम्पोत टाकतो आन् इषय संपला."

दुपटीत म्हैस येत होती आणि चहाही पांढरा होत होता. आण्णानं पिस्टन फडक्यावर ठेवला.

"उदयसिंग, ही आता गाडी न्हाय. ही माझी चूक हाय. तुझ्या टेम्पोत गेली तर सांजच्यापतूर हितं समदी इसरत्याल, तू बी आन् मी बी. म्हणून माझी चूक मला इकायची न्हाय." मग त्यानं हातानं उदयसिंहाला बाजूला व्हायची खूण केली. "सर जरा. मागं माणसं खोळंबल्यात."