टोपीवरचा चतुर

मंडळी, आज ग्वेल्फजवळच्या दलदलीत कीटकांच्या नोंदी करायला गेलो होतो. शेवाळात नवऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. "अगं, हात दे!"

तेवढ्यात त्याच्या टोपीवर चतुर येऊन बसला. कित्येक उन्हाळे मी शोधत होते, अगदी तोच!

"हलू नकोस," म्हणत मी कॅमेरा काढला.

"मी खाली चाललोय!"

"सावकाश चाललायस. फोकस होऊ दे."

फोटो मिळाला, नवराही निघाला. त्याचा बूट मात्र आतच राहिला. ओकव्हिलला घरी येईपर्यंत तो एकाच बुटावर होता.

घरी अ‍ॅपवर नोंद टाकताना अडले. चतुर कशावर बसला होता, तेही लिहायचं असतं. नवऱ्यालाच विचारलं.

"लिही, वैतागलेल्या नवऱ्यावर."

नोंद तर खरीच हवी. पण नोंदी तपासणाऱ्यांना चालेल का हो?