चहाची क्वेरी, जेवणाची क्वेरी

आमच्या भिलाईच्या कम्प्युटर रूममधली डिस्क दर महिन्याला रिकामी करावी लागे. किस्से मात्र साचतच गेले, कारण ते पुसायची परवानगी कुणालाच नव्हती.

नव्वदीची सुरुवात. कंपनीचं स्टोअर नंदिनीच्या खाणीवर, आम्ही इकडे, मध्ये भाड्यानं घेतलेली एक टेलिफोन लाइन. तिकडच्या मशीनमधली माहिती इकडे मागवली की ती रांगत यायची. म्हणून आम्ही क्वेरींना, म्हणजे अशा मागण्यांना, लागणाऱ्या वेळेवरून नावंच ठेवली होती: चहाची, पोह्याची आणि जेवणाची. जेवणाची लावली की मी सेक्टर २ मधल्या क्वार्टरवर जाऊन, जेवून, वामकुक्षी काढून परत येई.

*

एकदा जेवणाची क्वेरी संध्याकाळ झाली तरी येईना. स्टोअरच्या वानखेडे काकांना फोन लावला.

"मोडेम बंद केला मी," काका शांतपणे म्हणाले. "दुपारी कोणी बोलूनच नाही राहिलं, तं लाइन कावून चालू ठेवाची?"

*

आमच्या कम्प्युटर रूमचे बोरकर साहेब वैतागले. "याच्यापेक्षा जीपनं रजिस्टर लवकर येते. सोमवारी दोन्ही लावू. जीप जिंकली तं लाइन बंद, अन् तू परत टायपिंगले."

टायपिंगच्या नुसत्या नावानं माझी भूक उडाली. पण डोकं चाललं, आणि माझंच चाललं, हे सांगायला मी लाजत नाही. आजवर आम्ही तिकडची अख्खी यादी इकडे ओढून मग तीत शोधत होतो. मी उलटं केलं. प्रश्न तिकडे धाडला, शोधायचं काम तिकडच्या मशीनवर टाकलं आणि फक्त उत्तर मागवलं.

*

सोमवारचा सवाल होता, क्रशरच्या बेअरिंग किती शिल्लक? जीप निघाल्याचा फोन आला, मी बटण दाबलं. साहेबांचा चहा निवायच्या आत उत्तर हजर: दोन. मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

तासाभरानं काका जीपमधून उतरले. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: तीन.

"चुकीचं उत्तर लवकर येऊन काय फायदा?" साहेब म्हणाले. "लाइन बंद."

मी खुर्चीतून उठलो.

"मशीन बरोबर आहे साहेब," काका म्हणाले. "नुसत्या कागदावर तुमचा भरोसा बसते न बसते, म्हणून एक बेअरिंग दाखवाले संग आणली. गेटपास कम्प्युटरातूनच निघते, तं निघताना त्यात 'बाहेर गेली' लिहिलं. रजिस्टरात लिहाचं राहिलं."

साहेब बाहेर गेले, जीपमध्ये वाकून बेअरिंग पाहिली, परत येऊन बसले.

"लाइन राहू द्या," ते म्हणाले. "स्टोअरची जीप काढून घ्या."