वाटीतली खडीसाखर

माझ्या लेकीने सहा महिने खपून मिळवलेला स्फटिक मी एका परक्या माणसाला वाटीभर सूपच्या बदल्यात देऊन टाकला. वर "संपवा हं, उरवू नका!" असंही म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे. थांबा. आधी ऐकून घ्या, मग म्हणा.

आमची मनू नोकरीसाठी बंगळुरूला असते. फोन केला की, "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "जेवण." संपला संवाद! मग दिवाळीत आली तेव्हा तिने आमच्या भिंगारच्या घरातल्या कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम टाकला, त्यात मला एक बाई करून दिली (कंबर माझ्या निम्मी, केस दुप्पट!) आणि म्हणाली, "आई, रोज संध्याकाळी अर्धा तास इथे येत जा. आपण भेटू." त्या गेममध्ये लोक राक्षस मारतात, किल्ले घेतात. मी आमच्या तिथल्या घरापुढच्या टोमॅटोंना पाणी घालते. मनू शेजारी बसून तलवारीला धार लावते आणि हेडफोनमधून ऑफिसातलं सगळं सांगते. इतकं ती फोनवर कधी बोलली नव्हती. त्या अर्ध्या तासासाठी मी माझी मालिका सोडली, यावरून काय ते समजा.

तर या गेमचा नवा भाग येणार होता. नवा बर्फाचा डोंगर, नवे राक्षस, आणि डोंगरात शिरायला एक भलामोठा दरवाजा. तो उघडायला एक स्फटिक लागतो, आणि ज्याचा स्फटिक तो टोळीचा म्होरक्या. मनूने तो सहा महिने रोज राक्षसांशी मारामारी करून मिळवला होता. रविवारी सकाळी दहाला तिची पाच जणींची टोळी आत जाणार होती, आणि पहिल्यांदाच मनू त्यांची म्होरकी होणार होती! त्या परक्या शहरात तिला मैत्रिणी अशा या चारच. पण नेमकं त्याच आठवड्यात तिला ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जावं लागलं.

"आई, घरातल्या पेटीत सगळं ठेवलंय. तू फक्त टोमॅटोंना पाणी घाल."

"बरं."

मी तेवढंच करत होते हो! पण बुधवारी नवा भाग सुरू झाला आणि आमच्या दारात जत्रा भरली. डोंगराची वाट आमच्याच अंगणावरून जायची. थंडी तर अशी सोडली होती त्या गेमवाल्यांनी, की माझ्या बाईच्या डोक्यावरची जिवाची लाल पट्टी पार बोटभर उरली. तेवढ्यात एक जण थांबला. शिंगांचा टोप, अंगात चिलखत, नाव पोटॅटो किंग. त्याने मला वाटीभर गरम सूप दिलं. प्यायले, तरतरी आली. मग वाटी नीट पाहिली, तर वाटीवर त्याचं नाव कोरलेलं!

आता मला सांगा, भांड्यावर नाव कशासाठी कोरतात? भांडं परत यावं म्हणून! आमच्या शेजारच्या शेवंताकाकू मूळच्या पारनेरकडच्या. वीस वर्षं त्यांचा डबा आमच्याकडे येतोय, आमचा त्यांच्याकडे जातोय, आणि आजवर एकही रिकामा गेलेला नाही. शेंगोळे आले की थालीपीठ जातं. घरात अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर.

मी पेटी उघडून साखर शोधली. तलवारी निघाल्या, झगे निघाले, हाडं निघाली (आवरायची सवय मनूला इथे नव्हती, तिथेही नाही). तळाशी एक पांढरा, कोपऱ्याकोपऱ्यांचा, चमकणारा खडा होता. खडीसाखर! खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा आतल्या खोलीत. आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात उभा जन्म काढलेली बाई मी, मला खडीसाखर ओळखता येऊ नये?

खडा वाटीत घातला आणि वाटी त्याला दिली. त्याने वाटीत डोकावून पाहिलं. मग माझ्याभोवती गोल गोल नाचायला लागला! मला वाटलं, बिचाऱ्याला घरी गोडधोड कुणी करून घालत नसेल.

शनिवारी दुपारी मनू बाहेरगावाहून परतली, गेममधली पेटी उघडली आणि लगेच तिचा फोन आला.

"आई, पेटीतलं क्रिस्टल कुठे हलवलंस का?"

"कसलं क्रिस्टल?"

"अगं, पांढरं. खडीसाखरेसारखं दिसतं बघ."

मी कढईखालचा गॅस बंद केला. मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडेल, रडेल. ती म्हणाली, "असू दे आई. मी त्यांना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी पुढे करा." आणि फोन ठेवला. भांडली असती तर परवडलं असतं. त्या 'असू दे'ने मला इतकं वाईट वाटलं की भाजीत मीठ दोनदा पडलं.

आमचे हे लष्कराच्या स्टोअर्समधून रिटायर झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माल दिलास तेव्हा पावती घेतलीस?"

"अहो, सूपवाल्याकडून पावती?"

"सही तरी?"

तेवढ्यात शेवंताकाकू डबा घेऊन आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मंग बरूबर केलंस की गं! वाटी काय रिकामी देत्यात व्हय कुटं?"

"बघा!" मी ह्यांना म्हटलं.

"दोघी मिळून मला वेड लावा!" हे म्हणाले. पण खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, आणि मजकूर सांगायला लागले, "लिही. विषय, स्फटिक परत मिळणेबाबत..."

तो अर्ज मी गेममधल्या भर चौकात, सगळ्यांना दिसेल असा टाकला. पोटॅटो किंग आला नाही. बाकी गाव लोटला! कुणीतरी म्हातारी अडचणीत आहे एवढंच त्यांना कळलं असावं, कारण जो येई तो माझ्यापुढे सूपची वाटी ठेवी. अकरा वाट्या! आणि अकराही वाट्यांवर नावं कोरलेली!

पहिल्या चौघांना टोमॅटो भरून दिले. टोमॅटो संपले. पाचव्याला हाड दिलं. सहाव्याला दुसरं हाड. सातव्यासाठी मी मनूचा चांदीचा बूट उचलला, तोच ह्यांनी माऊस हिसकावला.

"अगं, घर धुऊन वाटतेस का लोकांना!"

"मग वाट्या रिकाम्या देऊ?"

"नुसतं थँक्यू म्हण!"

"माझ्याच्याने नाही व्हायचं!"

शेवटी ह्यांना चहाला पिटाळलं, अर्ज-बिर्ज बाजूला ठेवला आणि पोटॅटो किंगला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. लेक लांब एकटी राहते. तिला चारच मैत्रिणी आहेत. उद्या दहाला त्या दारात उभ्या राहतील. मला ती साखर वाटली. सूप छान झालं होतं.

रविवारी दहाला दहा कमी असताना मनू गेममध्ये आली. चार मैत्रिणी अंगणात उभ्या होत्या. मी आपली टोमॅटो नसलेल्या झाडांना पाणी घालत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडे शिंगं दिसली!

पोटॅटो किंग आला, गुडघ्यावर बसला आणि माझ्यापुढे तीच वाटी ठेवली. वाटीत स्फटिक! शेजारी दोन बटाटे! एवढी मोलाची वस्तू कुणी फुकट देईल यावर विश्वास न बसल्यामुळे त्याने ती वापरलीच नव्हती. खाली लिहिलं होतं, "मी फिलिपिन्सचा. तुमची चिठ्ठी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, आधी परत देऊन ये, मग जेवायला बस."

मनू हेडफोनमध्ये हसत होती का रडत होती, मला कळेना. मी मात्र रडत होते, ते ह्यांनाही दिसलं. "चला गं!" मनू ओरडली, आणि पाचही जणी डोंगराकडे पळत सुटल्या. इतका मोठा आवाज तिचा मी शाळेच्या गॅदरिंगनंतर पहिल्यांदाच ऐकला.

पोटॅटो किंग उभाच होता. आणि माझ्या हातात त्याची वाटी!

माझा हात पेटीकडे गेला. डोंगरावरून, पाच राक्षस अंगावर घेतलेल्या अवस्थेतही मनू किंचाळली, "आई! पेटीपासून लांब हो!"

आता त्या पेटीला कुलूप आहे. मनूने माझ्यासाठी एक वेगळी पेटी करून दिली आहे. तिच्यावर 'आई' असं कोरलंय, आणि आत फक्त साखर आहे. चाळीस पोती! आयुष्यभर पुरेल, असं ती म्हणाली होती. सव्वीस उरलीत.