आत्ताच प्यायले

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये मी सायकलवरच मोठी झाले, त्यामुळे मलावीतल्या त्या गावात निदान सायकलचा तरी त्रास होणार नाही, असं मला वाटलं होतं. आमच्याकडच्या लाल सायकलवाटांवर वाळू नसते आणि मध्येच बकऱ्या बसलेल्या नसतात. मलावीत पहिल्याच दिवशी मी तीनदा पडले. तिसऱ्या वेळी माझ्यापुढे चाललेल्या आरोग्यसेविकेनं मागे वळूनही पाहिलं नाही. "उठलीस की ये," एवढंच म्हणाली.

ती पन्नाशीची होती. सगळे तिला अमायी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. तिला चांगलं इंग्रजी येत होतं, मला तिथली भाषा जेमतेम चार वाक्यं. आमचं काम सांगायला सोपं होतं. घरोघरी जायचं आणि दर महिन्याच्या वजनाच्या दिवशी पाच वर्षांखालची मुलं घेऊन या, असं आयांना सांगायचं.

मी तेव्हा पब्लिक हेल्थच्या दुसऱ्या वर्षाला होते. पप्पा वेअरहाऊसमध्ये, मम्मी केअर होममध्ये. युनिव्हर्सिटीत गेलेली घरातली मी पहिलीच. तिथलं कसं चालतं हे विचारायला घरी कोणी नव्हतं, म्हणून हातात दिलेला कागद मी अक्षरशः पाळायचे. मलावीला स्वयंसेविका म्हणून जाण्याआधी लंडनमधल्या ईलिंगच्या एका हॉलमध्ये आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथे मिळालेल्या कागदावर पहिलीच सूचना होती की फिल्टर केल्याशिवाय कुठलंही पाणी पिऊ नये. तो कागद मी वहीला चिकटवून टाकला होता.

प्रत्येक घरी तेच व्हायचं. चटई अंथरली जायची, माझ्यासाठी कुठूनतरी खुर्ची यायची आणि मग पेल्यातून पाणी. मी हसून माझी निळी बाटली दाखवायचे आणि म्हणायचे, "नको, आत्ताच प्यायले." अमायी ते त्यांच्या भाषेत सांगायची. मग वजनाच्या दिवशी याल ना, असं मी विचारायचे. सगळ्या जणी हो म्हणायच्या.

हापशाच्या पलीकडच्या घरात माझ्याच वयाची एक बाई होती. तिची मुलगी दहा महिन्यांची. अमायीनं बाळाच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली आणि पुन्हा एकदा लावून पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाकी कोणी नाही आल्या तरी चालेल. ही यायला हवी."

वजनाच्या दिवशी आंब्याच्या फांदीला काटा टांगून आम्ही दुपारपर्यंत बसलो. मोजक्या बायका आल्या. ही आली नाही. मला त्या सगळ्यांचा राग आला, हे मी लपवणार नाही. मी घर सोडून, उन्हात सायकल रेटत त्यांच्याच मुलांसाठी आले होते आणि तोंडावर हो म्हणून त्या घरी बसल्या होत्या. पुढच्या फेरीत त्या घरी गेलो, तेव्हा ती बाई उखळात मका कांडत होती. चटई नाही, खुर्ची नाही, पाणीही नाही. निघताना मी अमायीला म्हणाले, "बरं झालं, पाण्याचं ते नाटक तरी संपलं." अमायी एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसायची. तेव्हा हसली नाही.

रविवारी शाळेमागच्या टेकाडावर फोनला रेंज मिळायची. मी पप्पांपुढे सगळी तक्रार ओतली. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांच्या घरी काही खातेस-पितेस का?"

"कसं पिणार? रूल आहे. मी नीट सांगते, आत्ताच प्यायले म्हणून."

पप्पा म्हणाले, "आमच्या शाळेचे मास्तर वस्तीत यायचे. चांगला माणूस. माझी आई तांब्या पुढे करायची. ते म्हणायचे, आत्ताच घेतलं. दर वेळी आत्ताच घेतलेलं असायचं."

मी चिडले. "मग काय करू? आजारी पडू? आणि ते जातीमुळे होतं, पप्पा. हे वेगळं आहे."

"पी कुठं म्हणतोय मी? तुझं शास्त्र तुला माहीत. तांब्या धरणाऱ्याला वेगळं दिसत नाही, एवढंच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी मी अमायीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "हो. बायका म्हणतात, हिला आमची घाण वाटते."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"पाहुण्याला कसं सांगायचं?"

दोन महिने मी तिच्या मागे सायकलवरून पडत होते आणि अजून पाहुणीच होते. मला रडू आलं, पण जास्त रागच आला. तिचाही, आणि त्या कागदाचाही.

पाणी चालत नसेल तर शिजवलेलं, गरम काही मागून खा, असं अमायीनंच सुचवलं. परक्याच्या दारात जाऊन खायला मागितलेलं मम्मीला कळलं असतं, तर तिनं मला फोनवरूनच झापलं असतं. हापशापलीकडच्या त्या घरी मी मागितलं. त्या बाईनं मुसळ थांबवलं नाही. "आज काही नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. तिनं उकडलेलं रताळं पुढे ठेवलं. बोटं भाजत मी ते सालीसकट खाल्लं. तिनं काहीतरी विचारलं आणि अमायी हसत सुटली.

"विचारतेय, आज तुझी बाटली कुठे आहे."

"सायकलवर," मी म्हणाले.

त्या महिन्यात ती आली. उशिरा, आम्ही काटा उतरवून ठेवल्यावर. तो पुन्हा टांगला. बाळाचं वजन कार्डावरच्या लाल रेषेखाली गेलं होतं. अमायीनं दवाखान्याची चिठ्ठी लिहिली आणि मला म्हणाली, "गेल्या महिन्यात एवढं खाली नसतं." टोमणा नव्हता. मी काटा पुन्हा उतरवला.

दवाखाना दूर होता. मी माझी सायकल पुढे केली. बाईनं बाळ पाठीला बांधलं, माझ्या सायकलकडे एकदा पाहिलं आणि अमायीच्या कॅरियरवर जाऊन बसली. मी पडते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी निघाले तेव्हा ते बाळ दवाखान्यानं दिलेल्या पाकिटांतली शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट खात होतं. वजन थोडं वाढलं होतं, पण अजून रेषेखालीच होतं. घरी येऊन मी रिपोर्ट लिहिला. त्यात किती घरांना भेट दिली, हे विचारलं होतं. मी आकडा लिहिला. कोणाच्या घरी काय खाल्लं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं, आणि त्या बाळाचा एक महिना कसा वाया गेला, तेही.