हाकेच्या अंतरावर

विकाऊ घर बघायला गेलो होतो. दोन खोल्या, जुनी कौलं, भिंतींना ओल. पण भोवती अकरा गुंठे मोकळी जागा. बघताक्षणीच पोटात दुखायला लागलं आणि मी नावं ठेवायला सुरुवात केली. "मोरी किती अंधारी आहे!" मी बायकोच्या कानात म्हणालो.

मालक पार टोकाला, फणसाखाली होते. त्यांच्या बायकोने पडवीत उभं राहून तोंडाशी हात धरले. "अहोऽऽ, माणसं आलीत!" तिकडून "आलोऽऽ" आलं. ते चालत येईपर्यंत चहाचं आधण चढलं.

त्या हाकेनेच मी जळलो. हाकेच्या अंतरावर म्हणजे अगदी जवळ, असं आपण म्हणतो. आमच्या फ्लॅटमध्ये तेवढंही अंतर नाही. तिथे भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागतं.

घरी परतल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवायला चला." ऐकू आलं होतं, तरी मी मुद्दाम गप्प बसलो. मार की एकदा हाक, असं मनात म्हणत राहिलो.

ती दारात आली. शेजारच्यांच्या भिंतीकडे बघत, आणखी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ऐकू येत नाही का?"