मुखडा माझा, अंतरा नसीमचा

नसीम परवा गेली आणि जाताना एक गाणं घेऊन गेली.

अख्खं नाही, अर्धं. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे. पण अर्ध्या गाण्याचं काय लोणचं घालायचं?

नसीम वणीची. ट्रक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याची पोरगी, आणि नंतर त्याच गॅरेजच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसणारी. मी मुकुटबनची.

यवतमाळात कॉलेजला असताना होस्टेलवर आमची खोली एक, बादली एक आणि वेडही एकच. गाण्यांचं.

तिकडे पुण्याकडची पोरं स्वतःची मराठी गाणी लिहितात, गिटार-ड्रमवर वाजवतात, हे आम्ही फक्त पेपरात वाचलेलं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा यायचा, कव्वाली व्हायची. इंडी-बिंडी आमच्या गावीही नव्हतं.

आणि एका गॅदरिंगला असा बँड चक्क आमच्या कॉलेजात आला. कुणाच्या तरी मावसभावाच्या ओळखीने.

चार पोरं. वाढलेले केस, चुरगळलेले शर्ट. सरांनी माईकवर सांगितलं, "आता पुण्याचं सुप्रसिद्ध बँडपथक आपली कला सादर करील."

झालं. पब्लिकला वाटलं, वरातीतला बँड. पोट्टे नाचायच्या तयारीने पुढे सरसावले.

दुसऱ्या गाण्याला मागून आवाज आला, "अबे, नाचाचं वाजव नं!"

मग हळूहळू खुर्च्या रिकाम्या. शेवटी मांडवात आम्ही दोघी आणि सावलीला पडलेलं एक कुत्रं.

शेवटचं गाणं मात्र असं होतं, की काय सांगू. गायक डोळे मिटून म्हणत होता, "ऊन उतरू दे, मग जा." एकदम संथ. नसीमने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी फुटली.

टाळ्या आमच्या दोघींच्याच.

स्टेजमागे ती पोरं वायरी गुंडाळत होती. गायकाचं, म्हणजे केदारचं, तोंड पार उतरलेलं. मला बोलायची हिंमत नव्हती. नसीमला कशाचीच भीती नव्हती.

"दादा, मस्त गाणं होतं."

"कोणी ऐकलं?"

"आम्ही ऐकून राह्यलो नं!"

आमच्याकडे याचा अर्थ, आम्ही ऐकतोय की. पुण्याच्या कानाला भलतंच ऐकू आलं.

"ऐकायचं राहिलं? कुठलं राहिलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नसीमने माझ्या पायावर पाय दिला.

"शेवटचं," ती म्हणाली. चेहरा एकदम गरीब गाईचा. "अख्खंच राह्यलं."

बिचाऱ्याने हातातली वायर खाली ठेवली, गिटार परत काढली आणि पायरीवर बसून ते गाणं आमच्यासाठी पुन्हा म्हटलं.

माईक नाही, ड्रम नाही. दुपारचं ऊन, मांडववाला खुर्च्या उचलतोय आणि एक माणूस फक्त आपल्यासाठी गातोय. असं सुख मला नंतर कधी मिळालं नाही. लग्नातही नाही. (नवरोबा वाचत असतील तर असू द्या.)

पुढे तो बँड फुटला. ते गाणं कधी रेकॉर्ड झालंच नाही.

पण नसीमला एकदा ऐकलेलं पाठ व्हायचं, आणि हे तर दोनदा ऐकलेलं. माझं डोकं म्हणजे चाळणी, मला मुखडा तेवढा राहिला. मग तीच वाटणी ठरून गेली. मुखडा माझा, अंतरा तिचा.

ती वणीला, मी यवतमाळात. कुणाचं काही बिनसलं की फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. मी मुखडा म्हणायची, ती अंतरा उचलायची. मागे ट्रकचे हॉर्न, गिऱ्हाईक ओरडतंय, "ताई, फॅनबेल्ट द्या नं!" पण अंतरा संपवल्याशिवाय ही बाई उठायची नाही.

माझी आई गेली तेव्हा माझ्या तोंडून मुखडा निघेना. त्या दिवशी तोही तिनेच म्हटला.

यंदा ती आजारी पडली. दवाखान्यात मी म्हटलं, "नसीम, अंतरा फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवू."

"कायले वं, रजे? मी आहो नं."

मीही नेट लावला नाही. रेकॉर्ड करायचं म्हणजे ती जाणार हे मान्य करायचं. ते माझ्याने होत नव्हतं.

परवा मय्यत निघाली तेव्हा मी बायांमध्ये दाराशी उभी होते. ओठांत मुखडा आला. संपला. पुढे कोणी उचललाच नाही.

ही पोस्ट टाकतेय तिथेच केदारचंही प्रोफाइल आहे, हे आम्हाला कधीचं माहीत होतं. नसीम लिहू द्यायची नाही. "त्याले वाटन, कोन येड्या बाया आहे ह्या." काल मी लिहिलं. सगळं सांगितलं आणि अंतऱ्याचे शब्द मागितले.

आज सकाळी उत्तर आलं.

"वाचून डोळे भरून आले. पण खरं सांगू का, मला हे गाणंच आठवत नाहीये. एखाद-दोन वेळाच वाजवलं असेल आम्ही. तुमच्याकडे पूर्ण आहे का? असेल तर प्लीज पाठवा."



ज्याने लिहिलं त्याच्याकडेही ते नव्हतं. इतकी वर्षं ते गाणं अख्ख्या जगात एकाच जागी शाबूत होतं. वणीत, स्पेअर पार्टच्या काउंटरमागे.

त्या गॅदरिंगला तुमच्यापैकी कोणी असेल, एखादी ओळ जरी आठवत असेल, तर सांगा. शब्द मिळाले तरी मला ते तिच्या आवाजातच हवेत, आणि तो आवाज आता मिळणार नाही. तरी सांगा.

केदारला मी माझ्या बेसूर आवाजात मुखडा रेकॉर्ड करून पाठवला. खाली लिहिलं, बाकीचं नसीमपाशी आहे.

खुदा हाफिज, नसीम. तुही लय याद येते वं.